रक्ताचा कर्करोग आणि झिजणारे स्नायू

रक्ताचा कर्करोग म्हटला की रक्तपेशी, केमोथेरपी आणि खर्च या तीनच गोष्टींची चर्चा होते. परंतु ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मायलोमा झालेल्या रुग्णाचे दिवस कसे जातील, हे त्याच्या अंगातील स्नायूंवरही अवलंबून असते. स्वतः उठून संडासला जाता येणे, जिना चढता येणे, यालाच आम्ही जीवनमान म्हणतो. १९९३ साली युरोपातील तज्ज्ञांनी कर्करुग्णांसाठी ३० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे पहिले पाच प्रश्न असेच साधे आहेत : जड पिशवी उचलता येते का, लांब चालता येते का, घराबाहेर थोडे तरी चालता येते का, दिवसा पडून राहावे लागते का, आणि जेवण, कपडे, अंघोळ यांसाठी मदत लागते का.

जेवण कमी झाले म्हणून माणूस वाळला, असे आपण सहज बोलतो. ते अर्धेच खरे आहे. या रोगात शरीरात दाह वाढविणारी द्रव्ये तयार होतात आणि ती स्नायूंतील प्रथिने मोडतात. शिवाय प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टिरॉइड औषधे उपचाराचा आवश्यक भाग असली तरी मांड्यांचे व कंबरेचे स्नायू दुबळे करतात. म्हणून ती मनाने बंद करणे मात्र घातक.

आम्ही बँकेतली माणसे आकड्यावर विश्वास ठेवणारी. पण येथे वजनकाट्याचा आकडा फसवा ठरतो. अंगावर सूज आणि चरबी चढलेली असते, आत स्नायू गेलेले असतात, आणि वजन मात्र तेवढेच! त्यापेक्षा खुर्चीची परीक्षा बरी. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे शंका घ्यावी व डॉक्टरांना सांगावे. शेजारी कोणी उभे असावेच.

आता घरच्यांचे प्रेम. "उठू नको, पडून राहा," असे आई म्हणते, बायको म्हणते. अमेरिकेत निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस कमी झाले; २००७ साली हे प्रसिद्ध झाले. मग आजारी माणसाचे काय होत असेल? डॉक्टरांची परवानगी असेल तेव्हा रोज थोडे चालणे, खुर्चीवरून उठबस करणे हा उपचाराचाच भाग समजावा. प्लेटलेट फार कमी असतील किंवा मायलोमाने हाडे ठिसूळ झाली असतील, तर व्यायाम त्यांना विचारूनच.

आहाराचा हिशोब विद्यार्थ्यांनाही करता येईल. कर्करुग्णाला रोज दर किलो वजनामागे एक ग्रॅमहून जास्त, शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे ८. चहा-बिस्किटे आणि भाताची पेज यांवर हा आकडा कधीच गाठला जाणार नाही. घट्ट वरण, उसळ, नीट शिजविलेली अंडी, मासळी, दाण्याचा कूट घरात असतेच. ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाला इजा असेल, जशी मायलोमात होते, तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

रुग्णाला भेटायला जाणाऱ्या सभासदांनी फळांची पिशवी जरूर न्यावी. पण खाटेजवळ तासभर बसून आजाराच्या कथा सांगण्याऐवजी त्याचा हात धरून व्हरांड्यात एक फेरी मारून आणावी.