उन्हाळ्यातील झाडबेडूक : सांभाळा, पण कोंडू नका

वैशाखाच्या उन्हात मल्हारगंजातील जुन्या घरांच्या मोरीत, रांजणाच्या आडोशाला किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर एक तपकिरी बेडूक अंग चोरून बसलेला आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शेतावर तो पंपाच्या खोलीत किंवा केळीच्या पानांच्या बेचक्यात सापडतो. मुलांना त्याचा लळा लागतो, आणि अंगणात जाळी लावून, छोटे डबके करून तो पाळावा काय, असे आम्हांस विचारले जाते. आमचे उत्तर असे की, डबके अवश्य करावे. जाळी मात्र लावू नये. असे का, ते समजून घेऊ.

हा झाडबेडूक होय. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यांच्या जोरावर तो गुळगुळीत भिंतीवरही चढतो. मादी सात-आठ सेंटिमीटर भरते, नर लहान असतो. इंग्रजीत त्याचे एक जुने नाव 'चुनाम बेडूक' असे आहे. चुनाम म्हणजे आपला चुना.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जागी बसून तो कातडीवाटे पाणी शोषतो, आणि त्याच्या श्वासोच्छ्वासाचा काही भागही कातडीवाटेच चालतो. म्हणून उन्हाळ्यात त्याला अन्नापेक्षा ओलाव्याची व सावलीची गरज अधिक. दिवसा तो हातपाय पोटाशी घेऊन निश्चल बसतो व अंगातले पाणी राखतो. रात्री, माळव्याची हवा गार झाली की, भक्ष्यासाठी बाहेर पडतो. जागा तापली तर दुसरी थंड जागा शोधणे, हाच त्याचा बचाव. काचेच्या बरणीत, पत्र्याच्या डब्यात किंवा जाळीच्या पेटीत हा मार्गच बंद होतो. पारा चाळिशीच्या वर असताना सकाळी सावलीत ठेवलेली पेटी दुपारी उन्हात येते, आणि संध्याकाळी मुलांच्या हाती मेलेला बेडूक लागतो. शिवाय तारेच्या जाळीवर उड्या मारून त्याचे नाक सोलले जाते. रानातले प्राणी धरून ठेवण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत, हेही ध्यानी असावे.

डबके कसे करावे : घराच्या उत्तरेस किंवा झाडाखाली, दुपारचे ऊन येणार नाही अशी जागा निवडावी. दोन हात लांब, एक हात रुंद व वीतभर खोल खड्डा पुरे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात व पाणी टिकत नाही, म्हणून तळाशी जाड प्लॅस्टिकचा कागद घालावा. एक बाजू उतरती ठेवून तीवर दगड रचावेत. उभ्या काठाच्या खड्ड्यात इतर बेडूक व सरडे पडून बुडतात. भोवती अळू, कर्दळ किंवा केळ लावावी. जवळच एक फुटका माठ आडवा ठेवून त्यावर ओले गोणपाट टाकावे. एवढे केल्यास बेडूक आपणहून येतो. दुसऱ्या गावाहून बेडूक आणून सोडू नयेत. बेडकांच्या कातडीला होणारा एक बुरशीचा रोग जगभर पसरला असून, त्याने कित्येक जाती नामशेष केल्या आहेत.

पाणी : विहिरीचे पाणी उत्तम. इंदुरात नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच ओतावे. साबणाचे पाणी, मीठ किंवा फवारणीचा पंप धुतलेले पाणी डबक्यात जाऊ देऊ नये. कातडीवाटे हे सारे बेडकाच्या अंगात भिनते.

डास : ही आरोग्याची मुख्य बाब आहे. बेडूक आहे म्हणजे डास होणार नाहीत, हा समज खोटा. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्यास एकदा सर्व पाणी उपसून झाडांच्या आळ्यात ओतावे. मग काठ ब्रशने घासावेत, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटतात व कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. डबक्यात रॉकेल किंवा जळके तेल टाकू नये. त्याने बेडूक मरतो. आठवड्याचे हे काम घरात कोणी पत्करणार नसेल, तर डबके करूच नये. ओले गोणपाट व आडवा माठ पुरे.

खाणे : भात, पोळी देऊ नये. बेडूक हलणारे किडेच टिपतो. रात्री दिव्यापाशी येणारे पाखरू, नाकतोडा, झुरळ हे त्याचे अन्न. ज्या बाजूस डबके आहे तेथे कीटकनाशक मारू नये.

खबरदारी : बेडकामागे साप येतो. म्हणून डबके बाजेपासून व दारापासून दूर असावे आणि रात्री तिकडे बॅटरीशिवाय जाऊ नये. बेडकाला हाताळल्यास हात साबणाने धुवावेत; तोच हात डोळ्याला लागला तर आग होते.

पाऊस लागला की पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसेल. मादी पायांनी घुसळून हा फेस करते व त्यात अंडी घालते. वरचा थर वाळतो, आत ओल राहते, आणि काही दिवसांनी पिल्ले खाली पाण्यात पडतात. तो घाण समजून खरवडू नये. पिल्ले पाण्यात असेतो पाणी उपसू नये. डासांच्या अळ्या चहाच्या गाळणीने रोज काढाव्यात.

एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. त्यासाठी शेतातले मोठे बेडूक पोत्यांनी पकडले जात. पिकांवरील किडे खाणारा सोबती नाहीसा होऊ लागला, तेव्हा १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली. झाडबेडूकही तेच काम करतो, आणि रात्री मोकळा फिरला तरच करतो. तेव्हा मुलांनी बरणीत ठेवलेला बेडूक असेल, तर तो आज तिन्हीसांजेला, जेथून आणला तेथेच, ओल्या जागी सोडावा. आणि शेतावरच्या हौदात एक खडबडीत फळी तिरपी टेकवून ठेवावी, म्हणजे पाण्यासाठी आलेल्या जिवाला बाहेर येण्याची वाट राहील.