बाहुलीची मोरपरी

बाहुलीचे कपडे शिवणे हे उरल्यासुरल्या चिंध्यांचे काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. भातुकलीतल्या बाहुलीला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला की तिचे लग्न लागत असे. तिच्या निऱ्या कोणी मोजीत नसे. परंतु एखादी मुलगी जेव्हा "आजी, मला हिची मोरपरी करून दे" असा हट्ट धरते, तेव्हा चिंध्यांची पेटी आणि शिवणाचा जन्मभराचा सराव ही दोन्ही अपुरी पडतात. माझ्या नातीने असा हट्ट धरला, मी तो मोठ्या हौसेने पुरवला, आणि चार दिवसांतच ती बाहुली कपाटावर जाऊन बसली. असे का झाले, ते सांगावयाचे आहे.

बाहुली होती नेहमीची, साडेअकरा इंच उंचीची. पाच फूट नऊ इंच उंचीच्या बाईचा हा बरोबर सहावा हिस्सा. हा सहाचा आकडा ध्यानात ठेवला नाही, तर सारा वेष फसतो. सहा मिलिमीटरचा मणी आपल्याला नाजूक वाटतो. बाहुलीच्या गळ्यात तो लिंबाएवढा दिसतो. दोन मिलिमीटरचा मणी घेतला, तर तोही टपोऱ्या वाटाण्याएवढा! नातीला मोरपिसाचा डोळाच पाठीवर हवा होता. तो डोळा दीड इंच रुंद. म्हणजे बाहुलीच्या मापाने नऊ इंचांची ताटली झाली. पिसाच्या दांडीला दोन्ही अंगांनी जे सुटे, झुळझुळीत तंतू असतात, तेच अखेरीस उपयोगी पडले. त्यांची हिरवी-निळी झाक रंगद्रव्याची नसते, तंतूंच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश खेळल्यामुळे ती दिसते. म्हणून तंतू कितीही बारीक घेतला, तरी त्याची चमक उणावत नाही. गळून पडलेले एक पीस दोन वेषांना पुरून उरते.

कापडाची गोष्ट याहून अवघड. शरीर सहापट लहान होते, पण कापड सहापट पातळ होत नाही. शिवाय इवल्याशा तुकड्याला स्वतःचे वजन नसते. त्यामुळे घागरा खाली न पडता उघडलेल्या छत्रीसारखा उभा राहतो. नवे, करकरीत रेशीम येथे शत्रूच समजावे. वापरून मऊ झालेली मलमल, किंवा जुन्या चंदेरीचा विरत आलेला पदर हे उत्तम. कापड उरेप, म्हणजे तिरकस कापावे. मग ते अंगालगत पडते. मलमल ओली करून काडीभोवती पिळून गुंडाळावी, दोऱ्याने आवळून बांधावी आणि पुरती वाळू द्यावी. सोडल्यावर तिला अशा बारीक चुण्या पडलेल्या असतात की हाताने तशा घालता येणार नाहीत. घेराच्या काठाला आतून बारीक मण्यांची ओळ शिवली, की वजनाने घागरा खाली येतो. गडद रंगाचे कापड मात्र आधी चांगले धुऊन घ्यावे. त्याचा रंग प्लास्टिकच्या अंगात उतरला, तर तो मग निघता निघत नाही.

कडा उसवू नये म्हणून कापण्याच्या रेघेवर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हलका हात फिरवावा आणि तो वाळल्यावर कात्री लावावी. बाही आधी सपाट कापडावर जोडून घ्यावी, कूस शेवटी शिवावी. बोटभरही रुंदी नसलेली बाही नंतर जोडू पाहणारीची काय अवस्था होते, ते मी येथे वर्णन करीत नाही.

हे सारे मी पहिल्या वेषातही केले होते. मुकुट पोस्टकार्डाचा, त्यावर सोनेरी बेगड. हातात खराट्याच्या काडीची छडी. पिसारा तांब्याच्या तारेवर ऑर्गंडी ताणून, त्यावर मोरतंतू चिकटवून केलेला. तो नीट बसावा म्हणून मी तो चोळीलाच पक्का शिवला, आणि चोळी बाहुलीच्या अंगावर. पाहुणे वाहवा करीत होते. नात मात्र बाहुली उलटसुलट करून म्हणाली, "आजी, हिला झोपायचं असलं तर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी वस्तू केली होती. तिला हवी होती खेळायला. शिवाय पिसाऱ्याच्या भाराने ती परी सारखी मागे कोलमडत असे.

दुसरा वेष करताना मी तिलाच शेजारी बसवले. चोळी पाठीवर पूर्ण उघडी ठेवली. आकडे त्या बोटांना जमेनात, लहान टिचबटणही जाड दिसू लागले. शेवटी दोऱ्याचा फासा आणि एक मणी यांवर काम भागले. पिसाऱ्याला दप्तरासारखे दोन पट्टे लावले, म्हणजे दोन्ही हात घालून तो चढवावा आणि निजताना उतरवावा. त्याची खालची कड जमिनीला टेकेल इतकी लांब ठेवली. तो बाहुलीचा तिसरा पायच झाला आणि कोलमडणे थांबले. मुकुट कपाळाच्या मापाने न करता केसांवरून दोरा फिरवून त्या मापाने केला. चिमटे आणि टाचण्या पार वगळल्या. घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल, तर मणीही वगळावेत. ते नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. तेथे मण्यांच्या जागी दोऱ्याच्या गाठी भरतकामासारख्या घालाव्या.

हा वेष पहिल्याइतका देखणा नाही. टाके काही माझे आहेत, काही तिचे, आणि तिचे कोणते ते लांबूनही ओळखू येते. पिसाऱ्याचे तंतू दोनदा झडले, दोनदा आम्ही ते पुन्हा लावले. परवा पाहिले, तर परी साध्या झबल्यात उशीवर निजली होती, आणि मुकुट पोळ्याच्या मातीच्या बैलाच्या शिंगात अडकवलेला होता.