श्रीलंकेचे दोन पावसाळे

टूर कंपनीशिवाय पहिल्यांदाच श्रीलंकेला निघालेला माणूस आधी विमानाचं तिकीट शोधतो. खरं तर आधी पाऊस बघायला हवा. या लहानशा बेटावर पावसाळे दोन. साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस गॉल-मिरिसाच्या किनाऱ्याला झोडपतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीत लख्ख ऊन असतं. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलट. जूनमध्ये मिरिसाचं हॉटेल फारच स्वस्त मिळालं, तर कारण आकाशात शोधावं!

तारखा ठरवताना पौर्णिमाही बघावी: दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी; त्या दिवशी दारूविक्री बंद.

मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, टोपी-चपला बाहेर. अनुराधापुरात दुपारच्या तापलेल्या दगडांवर अनवाणी पाय अक्षरशः भाजतात. जवळ पायमोजे असलेले बरे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी मात्र नकोच, तो अपमान समजतात. डासांचं मलम दिवसाही लावावं, कारण डेंग्यूचा डास दिवसाच जास्त चावतो.

संध्याकाळी लोखंडी पात्यांचा खणखणाट ऐकू आला, की तव्यावर कोत्तू रोटी तयार होतेय हे ओळखावं: रोटीचे तुकडे, भाज्या, अंडं, सगळं एकत्र कुटलेलं. शाकाहाऱ्यांनी आधीच विचारावं. नारळाच्या साध्या दिसणाऱ्या चटणीतही सुक्या माशाचा चुरा असू शकतो.