एकविसावा प्रश्न

मुलगी कॉलेजातून घरी आली की आपण काय विचारतो? जेवलीस का, एसटी वेळेवर मिळाली का, परीक्षा कधी आहे. फार तर ‘आज काय शिकवलं?’ पण ‘शिकवलेलं तुला कळतं का? काय कमी आहे तिथं?’ असं आपल्यापैकी किती जणी विचारतात? मुलगी बारावीच्या पुढे शिकतेय, याचंच आपल्याकडं इतकं अप्रूप असतं की पुढचं विचारायचं सुचतच नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. तेव्हाच्या त्या चिमुरड्या आता कॉलेजच्या वयाच्या झाल्यात. इतक्या झगडून आलेल्या पोरींना ‘कॉलेज कसं आहे गं?’ एवढं विचारणं, हा तर अगदी साधा मान झाला.

आपण न विचारलेला हा प्रश्न देशपातळीवर मात्र विचारला गेलाय. कॉलेजच्या गेटवर ‘नॅक मानांकित’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद. १९९४ साली स्थापन झालेली ही संस्था, मुख्यालय बंगळुरूला. कॉलेजं नि विद्यापीठं तपासायची आणि त्यांना दर्जा द्यायचा, हे तिचं काम. नॅकची कमिटी येणार म्हटलं की कॉलेजचं लग्नघर होतं. भिंतींना रंग, व्हरांड्यात कुंड्या, दारात रांगोळ्या, स्वागताला नऊवारीतल्या मुली. दोन दिवसांचे पाहुणे कागद बघणार, खोल्या बघणार. पण पाहुण्यांना घर खरं किती दिसतं, ते आपण बायका चांगलं ओळखतो! त्यातून फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेच्या प्रकरणात नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांनाच लाचेच्या आरोपावरून अटक केली. म्हणजे नुसत्या पाहुण्यांवर विसंबून चालत नाही. घरात राहणाऱ्यालाच विचारायला हवं.

ते विचारणं २०१७ साली सुरू झालं. त्या वर्षी नॅकनं आपली पद्धत बदलली आणि ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ आणलं. पद्धत साधी होती. कॉलेजनं विद्यार्थ्यांची यादी ई-मेल पत्त्यांसह नॅककडे द्यायची आणि नॅकनं थेट विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवायची. मध्ये प्राचार्य नाहीत की क्लार्क नाही. उत्तर देणाऱ्याचं नावही उघड करायचं नाही. एकूण एकवीस प्रश्न. त्यातल्या वीस प्रश्नांना शून्य ते चार असे गुण. अभ्यासक्रम वर्गात किती टक्के शिकवून झाला? शिक्षक तयारी करून येतात का? अंतर्गत गुण देताना न्यायानं देतात का? लिहून दिलेल्या कामात काय चुकलं ते तुमच्याशी बोलतात का? तुमचं बलस्थान ओळखून त्याला वाव देतात का? किती शिक्षक प्रोजेक्टरसारखी साधनं वापरतात? आणि शेवटचा, एकविसावा प्रश्न मोकळा: शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तुमच्या तीन सूचना लिहा.

खरं सांगते, ही प्रश्नावली पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं. मी कला शाखेची पदवीधर. आमच्या वेळी सरांबद्दल मुलींचं मत विचारणं तर सोडाच, वर्गात शंका विचारायलाही धीर लागायचा. पण बचत गटांच्या कामानिमित्त गेवराई, वडवणी, धारूर या भागात फिरणं होतं, आणि तिथल्या मुलींशी बोलताना या चांगल्या योजनेला कुठं कुठं भोकं आहेत, ते दिसायला लागलं.

पहिलं भोक ई-मेलचं. एका गटातल्या ताईंची मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. तिला विचारलं, ‘तुला आला होता का गं असा मेल?’ ती हसली. म्हणाली, ‘काकू, फॉर्मवर नेट कॅफेवाल्या दादाचा मेल आहे. त्यानंच भरला होता फॉर्म.’ दुसरीच्या फॉर्मवर भावाचा मेल होता, तिसरीचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. म्हणजे बंगळुरूहून निघालेला प्रश्न गावातल्या नेट कॅफेपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

दुसरं भोक संख्येचं. नॅकच्या नियमात कॉलेजातल्या दहा टक्के किंवा शंभर विद्यार्थ्यांनी, यातला जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी उत्तर दिलं तरी पुरे. समजा कॉलेजात पंधराशे मुलं-मुली आहेत. दहा टक्के म्हणजे दीडशे, म्हणून शंभर उत्तरांवर काम भागलं. ते शंभर कोण असतील? ज्यांच्या हातात स्वतःचा फोन आहे, जे रोज कॉलेजात येतात, ते. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला लाखो माणसं बाहेर पडतात. त्या घरातली मुलगी एक तर कोप्यावर धाकट्या भावंडांना सांभाळत असते, नाहीतर गावी आजीजवळ राहून घर, जनावरं बघत असते. तिची हजेरी नसते, नोट्स दुसऱ्यांच्या, परीक्षेपुरतं कॉलेज. कॉलेजात काय कमी आहे, हे सगळ्यात जास्त तिला ठाऊक. नेमकं तिचंच उत्तर त्या शंभरांत नसतं.

तिसरं भोक शिकवून ठेवलेल्या उत्तरांचं. एका मुलीनं मला सांगितलं, ‘आम्हाला लॅबमध्ये बसवलं आणि सगळीकडं वरच्या पर्यायावर टिक करा म्हणाले. कॉलेजचा दर्जा वाढला तर तुमच्याच डिग्रीला किंमत येईल.’ हे फक्त आपल्याकडंच होतं असं मात्र समजू नका. ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं असंच राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. तिथल्या किंग्स्टन विद्यापीठात २००८ साली मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना चांगलंच लिहा म्हणून सांगितल्याचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. त्यांचा युक्तिवादही हाच, की विद्यापीठ खाली गेलं तर तुम्हाला नोकरी कोण देईल! त्या विभागाचा निकाल त्या वर्षीच्या सर्वेक्षणातून वगळला गेला.

पण ब्रिटनकडून घेण्यासारखंही आहे. तिथं निम्म्या विद्यार्थ्यांनी उत्तर दिल्याशिवाय विद्यापीठाचा निकाल जाहीर होत नाही. २०१७ साली हे सर्वेक्षण फीवाढीशी जोडलं जातंय म्हणून विद्यार्थी संघटनांनी बहिष्कार घातला, तेव्हा ऑक्सफर्ड, केंब्रिजचासुद्धा निकाल लागला नव्हता. आपल्या दहा टक्क्यांशेजारी हे पन्नास टक्के ठेवून बघा. शिवाय उत्तरांचा उपयोगही झाला. ‘आमचं काय चुकलं ते नीट आणि वेळेवर सांगत नाहीत’ ही तिथल्या मुलांची तक्रार सुरुवातीपासून वर्षानुवर्षं वर येत राहिली. मग अनेक विद्यापीठांनी तपासलेलं काम अमुक आठवड्यांत परत द्यायचंच, असे नियम केले.

आणि २०२३ मध्ये तर इंग्लंडनं आपल्या प्रश्नावलीतून ‘एकूण तुम्ही समाधानी आहात का’ हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी शिक्षक समजावून सांगतात ते किती चांगलं, असे सरळ प्रश्न ठेवले. हे वाचलं आणि मी तिथंच अडखळले. कारण आपल्याकडं खरी मेख त्या ‘समाधान’ शब्दातच आहे.

आपल्या मुलींना आपण समाधान कसं शिकवतो? भाजी कमी उरली तरी ‘मला आवडतच नाही’ म्हणायचं. साडी पसंत नसली तरी देणाऱ्याचं मन राखायचं. ‘पोर किती समाधानी आहे हो!’ हे लग्नाच्या बाजारातलं सर्टिफिकेट. समाधान हा आपल्याकडं बाईचा गुण मानला जातो. अशा मुलीला ‘तू समाधानी आहेस का?’ असं विचारलं तर ती काय उत्तर देणार? ‘बरं आहे की.’ तिला ती तक्रार वाटते, आणि तक्रार करणारी मुलगी म्हणजे आगाऊ. त्यातून कॉलेजच्या नावानं काही बोललं तर घरचे म्हणणार, ‘मग कशाला जातेस? बस घरी.’ ही भीती कुठल्याही प्राचार्यांच्या भीतीपेक्षा मोठी आहे. म्हणून मुलगी चारपैकी चार गुण देते आणि गप्प बसते. आकड्यात समाधान दिसतं, पण ते शिकवण्याबद्दलचं नसतं. कॉलेजात जायला मिळतंय, एवढ्यापुरतंच असतं.

मी गटांमध्ये मुलींना वेगळं विचारून पाहिलं. समाधान हा शब्दच काढला नाही. म्हटलं, ‘एक गोष्ट बदलायची झाली तर काय बदलशील?’ मग बघा कशा बोलायला लागल्या! शेवटचा तास आणि गावची गाडी एकाच वेळेला, त्यामुळं तो विषय वर्षभर बुडतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, म्हणून त्या चार दिवसांत कॉलेज बंद. इंग्रजीचं पुस्तक ग्रंथालयात दोनच प्रती. यातलं काहीच त्या वीस प्रश्नांत नाही. ते लिहायला जागा एकच, तो एकविसावा प्रश्न.

नॅकची पद्धत आता पुन्हा बदलतेय. अक्षरांच्या श्रेणीऐवजी मान्यता आहे की नाही एवढंच सांगायचं, असा बदल २०२४ मध्ये जाहीर झाला. पद्धत कुठलीही येवो, आपल्या हातातली कामं तीच राहतात. मुलीच्या नावाचा, तिच्याच पासवर्डचा ई-मेल असू द्या आणि प्रवेशाच्या फॉर्मवर तोच लिहिलाय का ते बघा. कॉलेजं दरवर्षी स्वतःही असं सर्वेक्षण करून त्याचा अहवाल वेबसाइटवर टाकत आली आहेत. तो मुलीकडून वाचून घ्या आणि पालक मेळाव्यात विचारा, की मुलांनी जे लिहिलं त्यावर तुम्ही काय केलंत? आणि अडचण मोठी असेल तर २०२३ च्या यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. त्या समितीत किमान एक महिला हवी आणि तिनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. तिथं न्याय मिळाला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.

कॉलेजवर रागवायला म्हणून हे सांगत नाही. आपल्या भागातले कितीतरी प्राध्यापक पदरमोड करून पोरींना पुस्तकं देतात, परीक्षेची फी भरतात. अशांनाही मुलींचं खरं उत्तर हवंच असतं. तालुक्याच्या गावी पाणी नसलेल्या स्वच्छतागृहाची गोष्ट वरपर्यंत पोचली, तर ती मांडायला त्यांनाच बळ मिळेल.

समाधान मोठा गुण आहे, नाही कोण म्हणतं? पण ते पोटभर जेवल्यावरचं असावं, उपाशी राहून दाखवायचं नव्हे. आपल्या लेकींना एवढा फरक सांगितला, तर त्या एकविसाव्या प्रश्नाखालच्या तीन ओळी भरायला त्यांना दुसऱ्या कुणाची मदत लागणार नाही.