आधी माती, मग दगड

अर्कचित्रकार म्हटला की कागद-पेन्सिल डोळ्यांपुढे येते. फ्रान्सच्या ऑनोरे दोमिएने (१८०८–१८७९) मात्र चेहरे आधी मातीत पकडले. संपादक शार्ल फिलिपाँच्या सांगण्यावरून १८३२च्या सुमारास त्याने राजा लुई-फिलिपच्या गोटातल्या खासदार-मंत्र्यांचे जेमतेम वीतभर उंचीचे अर्धपुतळे घडवायला घेतले. कोणाचं नाक लोंबतं, कोणाची हनुवटी गळ्यात बुडालेली, कोणाचे ओठ नापसंतीने मुडपलेले. वर रंगही चढवलेला. ही मंडळी समोर बसायला थोडीच येणार होती! बहुतेक काम आठवणीवर.

हे पुतळे पुढे ठेवून तो शिळाछापाची चित्रं काढी. १८३४ सालच्या ‘कायदेमंडळाचं पोट’ या चित्रात बाकांवर रेललेले, पेंगुळलेले सभासद दिसतात, त्यांतले कित्येक चेहरे या मातीतूनच आलेले. त्याआधी, नाण्यांच्या टोपल्या गिळणारा राजा रंगवल्याबद्दल दोमिएला सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. १८३५मध्ये सेन्सॉरशिप आली आणि त्याची नजर राजकारणाकडून वकील, डॉक्टर, घरमालकांकडे वळली. माझ्या मते त्याचे वकील मंत्र्यांपेक्षा सरस आहेत.

माती भाजलेली नसल्याने पुतळ्यांना तडे गेले, डागडुजी करावी लागली. उरलेले ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. विसाव्या शतकात त्यांच्या ब्राँझ प्रतीही ओतल्या गेल्या. टिकाऊ खऱ्या, पण गालांवरची ती रोगट लाली त्यांत नाही.