संगणकीय पाठांचा अनुवाद : 'गिम्प'चे उदाहरण

साहित्यकृतीचा वाचक निवांत असतो. एखादे वाक्य कळले नाही, तर तो मागे जाऊन ते पुन्हा वाचतो. या उपघटकात आपण ज्या मजकुराचा विचार करणार आहोत, त्याचा वाचक मात्र वाचता वाचता हाताने काम करीत असतो. वाक्य संदिग्ध असेल, तर त्याचे काम तेथेच अडते.

'गिम्प' ही छायाचित्र-संपादनाची मुक्तस्रोत आज्ञावली आहे. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये बर्कली येथे विद्यार्थिदशेत तिची निर्मिती सुरू केली. ती विनामूल्य मिळते, पण इंग्रजी न येणाऱ्याला केवळ त्यामुळे ती वापरता येत नाही. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने गिम्पचे दृक्‌श्राव्य पाठ भारतीय भाषांत आणण्याचे काम हाती घेतले. अशा पाठांत पडद्यावरील दृश्य इंग्रजीच राहते, निवेदन तेवढे बदलते.

आता 'डॉज' आणि 'बर्न' ही जोडी पाहा. कोश उघडून 'हुकवणे' आणि 'जाळणे' असे लिहिले, तर शिकणाऱ्याला काहीच उमगणार नाही. हे शब्द रासायनिक छायाचित्रणाच्या काळोख्या खोलीतून आले आहेत. कागदावर प्रतिमा उमटवताना एखाद्या भागावरचा प्रकाश हाताने अडवला की तो भाग उजळ राहतो; जास्त वेळ प्रकाश दिला की तो गडद होतो. म्हणजे 'उजळणे' आणि 'गडद करणे' हाच खरा अर्थ. 'क्रॉप'चे 'पीक' करणारी यंत्रानुवादाची करामत तर तुम्हीही अनुभवली असेल!

मग पडद्यावरची नावेच बदलावीत का? आमच्या मते, नाही. विद्यार्थ्याला पडद्यावर 'लेअर मास्क' हीच अक्षरे दिसणार असतील, तर निवेदनात 'थराचा मुखवटा' म्हणून त्याला शोधत बसवणे अन्यायाचे आहे. मूळ नाव ठेवावे आणि प्रथम उल्लेखातच त्याचे कार्य सांगावे : मास्कच्या पांढऱ्या भागात थर दिसतो, काळ्या भागात लपतो, राखाडी भागात अर्धवट दिसतो.

शब्दांपेक्षा वाक्यरचना अधिक फसवते. 'मागचे चित्र दिसू लागेपर्यंत अपारदर्शकता कमी करा' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ऐकणाऱ्याला परिणाम आधी कळतो आणि कृती शेवटी. तोवर पडद्यावरचा बाण पुढे सरकलेला असतो. 'अपारदर्शकता कमी करत जा. मागचे चित्र दिसू लागले की थांबा.' अशी दोन वाक्ये केली की कान, डोळा आणि हात बरोबर चालतात.

परवानगीचाही प्रश्न आहे. आज्ञावली मुक्त आहे म्हणून तिच्यावरचा प्रत्येक पाठ मुक्त असतोच असे नाही. गिम्पची अधिकृत मार्गदर्शिका 'ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्या'खाली आहे, त्यामुळे तिचा अनुवाद करता येतो. मात्र तो अनुवादही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. इतर पाठांचा परवाना आधी तपासावा.

स्वाध्याय : 'फेदर' ही आज्ञा निवडलेल्या भागाची कड क्रमाक्रमाने विरळ करते. 'पीस' हा शब्द न वापरता, प्रथमच संगणक हाताळणाऱ्या व्यक्तीला ती समजेल असे चार वाक्यांचे निवेदन लिहा. ते कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकणारा कोठे थांबतो, त्याची नोंद करा.