मौन, संमती आणि सत्ता

कचेरीत परिपत्रक येते. कोठे दुष्काळ पडलेला असतो, कोठे पूर आलेला असतो आणि सर्व कर्मचाऱ्यांचे एक दिवसाचे वेतन कापून ते सहायता निधीत जमा करण्याचे ठरलेले असते. परिपत्रकाच्या शेवटी एक ओळ असते : ज्यांची कपातीस संमती नसेल त्यांनी तसे लेखी कळवावे. ही ओळ वाचून लेखणी उचलणारा विरळाच. कारकून शेजारच्या कारकुनाकडे पाहतो, शिक्षक मुख्याध्यापकांच्या मुद्रेकडे पाहतो आणि महिनाअखेरीस कपात बिनबोभाट होते. पुष्कळांची देण्याची इच्छा असतेच. वाद त्यांच्याविषयी नाही. ज्याची इच्छा नव्हती, त्याच्या मौनाला संमती म्हणावे काय, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०१८ मधील महापुराने केरळात ४०० हून अधिक माणसे दगावली. पुनर्बांधणीसाठी तेथील सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना एका महिन्याचे वेतन देण्याचे आवाहन केले. ते हप्त्याहप्त्याने देण्याची सोयही ठेवली. मात्र ज्यांना द्यावयाचे नसेल त्यांनी नकाराचे निवेदन लिहून द्यावे, असे कलम आदेशात होते. केरळ उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये या कलमाला स्थगिती दिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मदत करू न शकणाऱ्याने आपली नामुष्की आपल्याच हाताने का लिहून द्यावी, हा त्या विचाराचा गाभा होता. आक्षेप दानाला नव्हता; नकार देणाऱ्यांची यादी साहेबांच्या टेबलावर तयार होण्याला होता.

कोपरखळीचे शास्त्र

परिपत्रकातील या साध्यासुध्या ओळीमागे आज एक प्रतिष्ठित शास्त्र उभे आहे. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या दोघा अमेरिकी विद्वानांनी २००८ मध्ये 'नज' नावाचा ग्रंथ लिहिला. पुढे २०१७ मध्ये थेलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. 'नज' म्हणजे कोपराने हलकेच डिवचणे. मराठीत त्याला कोपरखळी म्हणावे. मनुष्य प्रत्येक निर्णय हिशेब मांडून घेत नाही. तो सवयीने, आळसाने आणि चार लोक काय करतात ते पाहून वागतो. तेव्हा त्याच्यापुढील पर्यायांची मांडणी थोडी बदलली, तर कोणतीही सक्ती न करता त्याला हिताच्या मार्गावर आणता येते, असे हे शास्त्र सांगते. शाळेच्या उपाहारगृहात फळे डोळ्यांसमोर ठेवली आणि तळलेले पदार्थ मागे सारले, की मुले फळे अधिक घेतात. ब्रिटनमध्ये २०१२ पासून कामगारांना निवृत्तिवेतन योजनेत आपोआप सामील करून घेऊन बाहेर पडण्याची मुभा ठेवण्यात आली, तेव्हा बहुसंख्य कामगार योजनेत राहिले. आपल्याकडेही जुलै २०१९ मध्ये संसदेत सादर झालेल्या आर्थिक पाहणी अहवालात या शास्त्राला एक संपूर्ण प्रकरण दिलेले होते.

या लेखकद्वयाने स्वतः एक अट घातलेली आहे, ती मात्र उत्साहाच्या भरात विसरली जाते. कोपरखळी टाळणे सोपे आणि स्वस्त असले पाहिजे. ते तसे नसेल, तर ती कोपरखळी नव्हे. आता ही अट आपल्या समाजाला लावून पाहावी. कोपरखळी मारली जाते ती बरोबरीच्या माणसांत. मित्र मित्राला मारतो, नणंद भावजयीला मारते. शिपाई साहेबाला कोपरखळी मारीत नाही. आणि साहेबाने शिपायाला मारली, तर ती हुकूम होऊनच पोहोचते. कोपर तेच, जोरही तितकाच. पण ज्याच्या बरगडीला ते लागते तो कोणत्या पायरीवर उभा आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. पर्यायांच्या मांडणीचे शास्त्र मनाचा अभ्यास बारकाईने करते. या पायऱ्यांकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते.

खराटा आणि शिट्टी

महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि अनेक खेड्यांचे रूप त्याने पालटले, हे निर्विवाद आहे. पुढे हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत 'गुड मॉर्निंग पथके' पहाटे गावाबाहेर उभी राहू लागली. टमरेल घेऊन निघालेल्याला कोठे गुलाबाचे फूल मिळे, कोठे शिट्टी ऐकू येई, तर कोठे थेट पोलीस ठाण्याची वाट धरावी लागे. लाज हे मोठे प्रभावी साधन आहे. पण ती सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्या वाड्यात दोन शौचालये आहेत, तो पहाटे त्या वाटेने जातच नाही. वाटेवर सापडतो तो भूमिहीन मजूर, ज्याला संडास बांधायला हातभर जागा नाही; सापडते ती स्त्री, जिच्या घरी संडास आहे पण पाणी नाही. फूल घेताना तिने मान खाली घातली, ती आरोग्यविचार पटला म्हणून, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

ज्यांचे नाव या अभियानाला दिले गेले, त्या गाडगेबाबांची रीत नेमकी उलटी होती. ते गावात येत आणि कोणाला काही सांगण्यापूर्वी स्वतः खराटा हाती घेऊन गाव झाडू लागत. लोकांना लाज वाटे, ती एक फाटका माणूस आपली घाण काढतो आहे म्हणून. त्या लाजेमागे दंड नव्हता, पथक नव्हते, रेशनकार्ड अडवण्याची धमकी नव्हती. अशा कोपरखळीला नकार देणे कोणालाही शक्य होते, म्हणूनच तिला मिळालेला होकार खरा होता.

लाजेचे अस्त्र कोठवर जाऊ शकते, याची आठवण भयंकर आहे. २५ सप्टेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातील भावखेडी या गावी दोन दलित मुले उघड्यावर शौचास बसली असताना मारली गेली. गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त झालेले होते. मुलांच्या घरी मात्र शौचालय नव्हते, असे त्यांच्या कुटुंबाने सांगितले. या हत्येचा दोष स्वच्छतेच्या योजनेवर टाकणे अन्यायाचे होईल. तिचे मूळ जुन्या जातिद्वेषात आहे. तथापि दुर्बळाला लाजवण्याचा परवाना एकदा समाजाच्या हाती दिला, की तो कोण कसा वापरील यावर कोणाचे नियंत्रण उरत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावाच लागतो.

मधल्या पायरीवरचा माणूस

या उतरंडीत शिक्षक आणि कारकून यांचे स्थान मोठे विचित्र आहे. वरून त्यांना ढकलले जाते आणि खाली त्यांनीच ढकलावे अशी अपेक्षा असते. आणीबाणीच्या काळात कुटुंबनियोजनाचा प्रारंभ प्रोत्साहनानेच झाला होता; कोठे रोख रक्कम, कोठे ट्रान्झिस्टर. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्या बक्षिसांच्या मोहाने नव्हेत. अनेक ठिकाणी शिक्षकांना 'केसेस' आणण्याचे लक्ष्य ठरवून दिले गेले आणि ते पुरे न करणाऱ्यांचे वेतन रोखले गेले. शहा आयोगापुढे या गोष्टी नोंदल्या गेल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. चाळीस वर्षांनंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, बिहारच्या काही भागांत शिक्षकांनाच उघड्यावर शौचास जाणाऱ्यांवर पाळत ठेवून छायाचित्रे काढण्याचे काम सांगण्यात आले. विनंतीचे लक्ष्य होते, लक्ष्याचा दट्ट्या होतो, आणि दट्ट्या सर्वांत खालच्या माणसाच्या अंगावर सक्ती होऊन पडतो.

यावर असे म्हणता येईल की, पर्यायांची काही ना काही मांडणी असणारच. मग ती हिताची असलेली काय वाईट? हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण मग मांडणी करणाऱ्यालाही तोच नियम लावला पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा पाहावा. अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर अर्ज नाकारला असे कायदा मानतो. अपिलाची वाट मोकळी व्हावी हा त्यामागील हेतू आहे, हे खरे. तरीही हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. कर्मचारी गप्प राहिला, तर त्याचा होकार. कचेरी गप्प राहिली, तर तिचा नकार. मौनाचा अर्थ कोणता घ्यावयाचा, हे ज्याच्या हाती सत्ता आहे तो ठरवतो.

म्हणून कोणत्याही सौम्य योजनेची परीक्षा करताना तिने किती लोक वळवले एवढेच विचारून भागणार नाही. जो वळला नाही, त्याचे दुसऱ्या दिवशी काय झाले, हे विचारले पाहिजे. काहीच झाले नसेल, तर ती कोपरखळी; त्याचे नाव कोठे लिहिले गेले असेल, तर ती आज्ञा.

परिपत्रकाची शेवटची ओळ बदलणे अवघड नाही. ज्यांची इच्छा असेल त्यांनी कळवावे, एवढेच लिहावे. निधीत रक्कम कमी जमेल, हे मान्य केले पाहिजे. पण जी जमेल ती दान असेल, आणि आपले कर्मचारी खरोखर किती देऊ इच्छितात हे सरकारलाही प्रथमच कळेल.